बेस लय व्हायलाय

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्र पाठवून माझ्याकडे ‘वैद्यकीय सेवेतील हृद्य अनुभव’ मागितले आहेत. आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नव्हते आणि नर्सही नव्हते. परभणीत कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांकडे मी लोकांचं ऐकू येणं तपासायचं काम केलं. नाक आणि घसा डॉक्टरांनी स्वतःकडे ठेवला होता, कारण त्यात ऑपरेशनं होती. कानात नुसता वेळ जायचा, म्हणून कान माझ्याकडे. पांढरी साडी नेसायची म्हणून निम्मे लोक मला सिस्टर म्हणायचे, उरलेले ‘ओ बाई’.

काम साधं होतं. जिन्याखाली एक लाकडी खोपटं केलेलं होतं, आतून जाड कापड ठोकलेलं. पेशंटला त्यात बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात एक बटण द्यायचं. मी काचेच्या अलीकडे मशीनपाशी. मशीनमधून एकेक सूर सोडायचा. आधी ढोलासारखा खालचा, मग चढत चढत चिमणीच्या आवाजासारखा बारीक. ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं. सगळ्यात हळू कुठला सूर ऐकू आला, त्याची खूण मी कागदावर करायची आणि खुणा रेघेनं जोडायच्या. रेघ वर सरळ गेली तर कान चांगला. खाली उतरली तर तितका कान गेला. दिवसभर लोकांच्या कानात शिट्ट्या वाजवायच्या आणि महिन्याला पगार घ्यायचा, कुणीही हेवा करावा अशी नोकरी.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा लोंबकळत पडला होता आणि माणसाला त्याचं गाव आणि आडनाव विचारायची फार आवड सुटली होती. एक बागायतदार आले होते. मी हेडफोन पुढं केला तर म्हणाले, “बाई, गाव कोणतं तुमचं?”

“चारठाणा.”

“चारठाण्यात कुणाच्या?”

मी आडनाव सांगितलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मी नुकताच स्पिरिटनं पुसलेला हेडफोन पुन्हा एकदा शिस्तीत पुसला. डाव्या कानानं ते जवळपास बहिरे निघाले. उजवाही बराच गेला होता. आडनाव मात्र एका झटक्यात ऐकू आलं होतं.

असे नग पुष्कळ आले. त्या सगळ्यांबद्दल लिहीत बसत नाही. मला लिहायचंय ते विलासबद्दल आणि किसनदादांबद्दल.

विलास पहिल्यांदा आला तो भर दुपारी, डॉक्टर जेवायला घरी गेले होते तेव्हा. पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. देवगाव फाट्याच्या पुढं एका खेड्यात शाळामास्तर होता. “जयभीम, ताई,” म्हणाला आणि पिशवीतून भाजी काढावी तसे तीन हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“माझे कान खराब झालेत. तपासून द्या.”

“कशावरून खराब झाले?”

“दादा म्हणायलेत.”

दादा म्हणजे किसनदादा. सेलूचे. भीमगीतं गाणारी त्यांची पार्टी तालुक्यात गाजलेली होती. आवाज असा, की शेवटच्या रांगेतली म्हातारीही शब्द न शब्द घरी घेऊन जायची. विलास त्या पार्टीत विजेवरची पेटी वाजवायचा. म्हणजे कीबोर्ड. त्याच्या पोटातच ढोल, बेस, टाळ्या, सनई, सगळं भरलेलं. एक बटण दाबलं की ठेका सुरू, दुसरं दाबलं की खालून घुमणारा बेस. शहरातल्या डिस्कोचं वारं खेड्यात याच पेटीतून शिरलं. ढोलकीवाले बेजार झाले, आणि तरण्या पोरांना छातीत धमक बसल्याशिवाय गाणं ऐकल्यासारखं वाटेना.

“मी घरी हेडफोनवर समदं बसवतो,” विलास सांगू लागला. “बेस किती, टाळी किती, पेटी किती. आकडे वहीत लिहून ठेवतो. कार्यक्रमात तसंच लावतो. तर दादा म्हणतेत, बेस लय व्हायलाय, कमी कर. कमी केला की पब्लिक म्हणतंय, धमकच न्हाई. दोघंबी एकाच कार्यक्रमात.”

“घरी हेडफोन कशाला लागतो? मोकळ्यानं वाजवायचं.”

तो जरा हसला. “घरमालकानं खोली देतानाच सांगितलंय, ताई. तुमी ऱ्हावा, पण तुमची गाणी न्हाई वाजवायची.”

म्हणजे गावाला मास्तर चालत होता, त्याची गाणी चालत नव्हती. हेडफोनचा असाही उपयोग असतो हे बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक नसावं.

मी त्याला खोपट्यात बसवलं. दोन्ही कानांची रेघ अशी सरळ आली, की नमुना म्हणून भिंतीवर लावावी. मग राहिले तीन हेडफोन. दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. मशीनला विलासनं आणलेली वायर जोडली आणि एकेक हेडफोन स्वतःच्या कानाला लावून तेच सूर ऐकले. डॉक्टरांना कळलं असतं तर नोकरी गेली असती, पण जेवल्यावर ते तासभर झोपायचे.

पहिला हेडफोन औरंगाबादहून आणलेला, सोनेरी रंगाचा, डब्यावर लाल अक्षरात काहीतरी ‘सुपर’ छापलेलं. खालचे सूर त्यात दुप्पट व्हायचे आणि वरचे गायब. लग्नाच्या मांडवामागं उभं राहिल्यासारखं. दुसरा कमरेला लावायच्या टेपबरोबर आलेला, कानावर पातळ स्पंजची चकती. तो कानावर नीट बसतच नव्हता, आणि हेडफोनचा बेस सगळा बसण्यावर असतो. चकती कानाला घट्ट बसली तर बेस आत राहतो, फट राहिली की गळून जातो. ह्यातून तर तो सगळाच गळत होता. नुसती चिरचिर. तिसरा काळा, बोजड, कान पुरता झाकणारा. विलासच्या मामेभावानं मुंबईहून पाठवलेला. त्यात खालपासून वरपर्यंत सगळे सूर जवळपास सारखे ऐकू आले.

“घरी कुठला लावतोस?”

“आधी सोनेरी. दादा ओरडले म्हणून पातळवाला घेतला. आता चार महिने झाले काळा हाय. तरी दादा तेच म्हणायलेत.”

“काळा बरोबर आहे. तुझे कानही बरोबर आहेत.”

“मग चुकायलंय कोण?”

मी म्हणाले, मला एकदा कार्यक्रम ऐकू दे.

सेलूला त्यांचा कार्यक्रम होता. मी बहिणीकडे मुक्कामाला गेले आणि गर्दीच्या मागं जाऊन उभी राहिले. किसनदादा स्टेजवर आले. पांढरा सदरा, गळ्यात निळा रुमाल, पन्नाशीचा भक्कम माणूस. पहिलं कडवं म्हणाले आणि माझ्या अंगावर काटा आला. नंतर पेटी सुरू झाली. पहिल्या मिनिटाला बेस ठीक होता. दादांनी विलासकडं बघून पंजा खाली केला. विलासनं बेस उतरवला. पुन्हा पंजा. पुन्हा उतरवला. मग वर बोट, म्हणजे टाळ्या आणि झांज वाढव. तिसऱ्या गाण्याला कर्ण्यांमधून अशी किरकिर यायला लागली, की पुढं बसलेल्या बायांनी पदर कानांवर घेतले. दादा मात्र खुशीत मान डोलवत होते. आता कुठं त्यांना बरोबर वाटत होतं.

बहिणीला विचारलं, दादा दिवसा काय करतात? ती म्हणाली, जिनिंगमध्ये आहेत, बावीस-तेवीस वर्षं झाली.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं रांगेनं चालतात. तिथं आठ तास उभं राहिलेल्या माणसाचा कान आधी वरचे सूर सोडतो. टाळी, झांज, चिमणी, ‘स’ आणि ‘श’. खालचे सूर शाबूत राहतात. मग त्या माणसाला सगळ्या गाण्यात बेसच बेस ऐकू येतो, आणि आपलं काही गेलंय असं त्याला वाटत नाही. जगातच बेस वाढलाय असं वाटतं. दिवसा जिनिंग आणि संध्याकाळी कर्ण्याच्या तोंडाशी. दादांनी कान घालवायची दोन्ही पाळ्यांची सोय करून ठेवली होती.

विलासला मी काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “दादांच्या कानात मळ असेल, त्यांना घेऊन ये.” मळ आहे म्हटल्यावर माणूस येतो. कान गेलाय म्हटलं की येत नाही.

दादा आले. विलास बाहेर बाकावर बसला. खोपट्यात शिरताना दादा म्हणाले, “बाई, माझे कान तपासायलाव? ह्या कानावर अर्धा तालुका गाणं शिकलाय.”

मी सूर सोडायला लागले. खालचे सगळे त्यांनी पटापट पकडले. वरचे सुरू झाले आणि माझ्या लक्षात आलं, की सूर सोडायच्या आधीच बटण दाबलं जातंय. दादा काचेतून माझ्या हाताकडं बघत होते. मी कळ फिरवली की ते बटण दाबत. मी उठून काचेवर फाईल आडवी धरली आणि दुसऱ्या हातानं सूर सोडले. बटण गप्प झालं. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला, दादांच्या हेडफोनमधला सूर काचेच्या अलीकडे मला बारीक ऐकू येईपर्यंत वाढवला. बटण गप्पच.

रेघ अर्ध्या कागदापर्यंत नीट आली होती आणि तिथून विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती.

डॉक्टरांनी कागद पाहून दहा सेकंदांत निकाल दिला. नस गेलीय, औषध नाही, कानाला मशीन लावा, नेक्स्ट.

बाहेर पॅसेजमध्ये दादांनी मला थांबवलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “विलासला काय सांगनार तुमी?”

“तुम्ही सांगाल ते.”

“मळ होता, निघाला म्हना. गानारा माणूस कानात मशीन घालून स्टेजवर उभा ऱ्हायला तर लोक काय म्हणतीन?”

मी विलासला सांगितलं, मळ होता, निघाला. पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही हा नियम मी पाळला, असं त्या दिवशी मला वाटलं. नियम पाळण्यात एक सोय असते. पुढचं दुसरा कुणीतरी भोगतो.

भोगलं विलासनं. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला. ह्या वेळी पिशवी नव्हती. औरंगाबादचा एकजण किसनदादांची कॅसेट काढायला तयार झाला होता. दादांच्या आयुष्यातली पहिली. आणि दादांनी सांगितलं होतं, की तिथंही बेसचा असाच घोळ घातलास तर जालन्याचा दुसरा पेटीवाला आणीन.

“मी त्यांच्या मनासारखं केलं तर कॅसेट वाया जाईल,” विलास म्हणाला. “माझ्या मनासारखं केलं तर मी पार्टीतून जाईन. मी गेलो तरी चालंल, ताई. पण तो आवाज असा किरकिरीत जाऊ नये.”

तो खरंच तसं म्हणाला. मी असते तर आधी स्वतःचं बघितलं असतं.

 मी विचारलं, “तो पातळ स्पंजवाला हेडफोन आहे का अजून?”

“हाय. पण तो तर खोटा हाय, तुमीच म्हणलाव. त्यात बेस न्हाईच.”

“तिथं रेकॉर्ड झालेलं दादा पुन्हा ऐकतील तेव्हा त्यांना तो दे. स्पीकरवर ऐकू देऊ नकोस. सांग, हेडफोनवर बारकावे कळतात. तू काळा लाव आणि तुला बरोबर वाटेल तसंच वाजव.”

विलासनं माझ्याकडं पाहिलं. त्याचे कान चांगले होते, डोकंही चांगलं होतं. त्याला सगळं कळलं आणि त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. मीही नियम मोडला नाही. म्हणजे तोंडानं मोडला नाही.

बऱ्या बेसचा हेडफोन शोधायला लोक कुठं कुठं हिंडतात. आम्ही सगळ्यात वाईट हेडफोन निवडला, आणि दादांच्या कानाला तोच अगदी बरोबर बसला. त्यात बेस गळून जायचा, म्हणून त्यांना उरलेलं सगळं नीट लागलेलं वाटलं. पहिलंच गाणं ऐकून त्यांनी विलासच्या पाठीवर थाप मारली म्हणे. “आज कुठं तुझा बेस बसलाय.”

कॅसेट चांगली निघाली. टपऱ्यांवर, टेम्पोत, लग्नाच्या मांडवात वाजायला लागली. खाली बेस, वर दादांचा आवाज, दोघं एकमेकांना सोडून कुठं जात नव्हते. दादा ज्याला त्याला सांगत, पोराला बेस शिकवायला मला तीन वर्षं लागली. विलास हो म्हणायचा. मी परभणीत बसून हे ऐकायची आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

ते कौतुक चार-पाच महिने टिकलं. एका सकाळी दवाखाना उघडला तर पायरीवर दादा बसलेले. एकटेच.

“बाई, काल देवगाव फाट्यावर हाटेलात बसलो होतो,” ते म्हणाले. “माझी कॅसेट लागली. मला तर नुसता धबधब ऐकू आला. मी हाटेलवाल्याला म्हणलो, बाबा, तुझी मशीन बिघडलीय. तर शेजारचे लोक माझ्याकडं बघायले. त्यातला एकजण म्हणला, दादा, किती गोड वाजायलंय. एक माणूस खोटं बोलंल. धा जण कशाला बोलतील?”

मी त्यांना बाकावर बसवलं.

“मग ध्यानात आलं, तिथं विलासनं मला तो पातळवाला लावायला दिला होता. त्याला कोण सांगितलं?”

“मी.”

“म्हणजे तुमी दोघांनी माझ्या कानाला फसवलं.”

“हो.”

त्यांना राग आला असावा. तो यायलाच हवा होता.  पण ते म्हणाले, “तो कागद दाखवा. त्या दिशी मी पाहिलाच न्हाई.”

मी फाईल काढली. रेघेवर बोट ठेवून सांगितलं, इथपर्यंत तुम्हाला ऐकू येतं, इथून पुढं नाही.

“इथून पुढं काय काय असतं?”

“झांज. चिमण्या. लहान पोरांचं बोलणं निम्मं. रातकिडे.”

“रातकिडे?” ते म्हणाले. “मी तर लोकांना सांगायलो होतो, कपाशीवर औषध मारून मारून रातकिडे मेले म्हणून. सात-आठ वर्षं झाली.”

ह्या नोकरीत मी पुष्कळ माणसांना पुष्कळ वाईट गोष्टी ऐकवल्या, पण त्या सकाळी मला मान वर करता येईना. वरचे सूर गेल्यामुळं बेस जास्त वाटतो, हे दोन वाक्यांचं खरं मी आधीच सांगितलं असतं तर ह्या माणसाला ते दहा परक्यांसमोर हॉटेलात कळलं नसतं. मी त्यांना आवडेल असं खोटं शोधून दिलं, तेही हुशारी म्हणून.

पुढच्या कार्यक्रमात, विलासनं नंतर सांगितलं, दादांनी पहिलं गाणं अर्ध्यात थांबवलं आणि माइकवरूनच विचारलं, “मास्तर, बेस बरोबर हाय का?” विलास म्हणाला, हाय. “मग चालू द्या.” त्यानंतर त्यांचा पंजा कधी खाली आला नाही.

मला वाटलं, विषय संपला. पण दादा पंधरा दिवसांनी पुन्हा आले, आणि ह्या वेळी जिनिंगचे नऊ जण बरोबर घेऊन. म्हणाले, “ह्यांचेबी कागद काढा.” डॉक्टर खूश झाले, एकदम नऊ पेशंट. मी एकेकाला खोपट्यात बसवत गेले. नवव्या माणसाची रेघ ओढेपर्यंत हात आपोआप चालायला लागला होता. सगळ्यांचे कान एकाच जागी पोचून विहिरीत उतरत होते. कुणाची विहीर खोल, कुणाची उथळ, एवढाच फरक.

संध्याकाळच्या आत जिनिंगचा मुनीम दवाखान्यात हजर. मालकांच्या घरातले सगळे टॉन्सिल आमच्याच डॉक्टरांनी काढले होते, त्यामुळं चहा वगैरे झाला. मुनीम म्हणाला, “लोक पहिल्यापासून कानात कापूस घालतेत, साहेब. आपल्याकडं कापसाला काय कमी?” तो गेल्यावर डॉक्टरांनी मला बोलावलं. ते कागद लोकांना द्यायची गरज नाही, फाईलला लावून ठेवा. आणि जिनिंगच्या लोकांना असं घोळक्यानं घेऊ नका.

मी ‘बरं’ म्हणाले. फाईलला लावायला नऊ कागद पुन्हा स्वच्छ उतरवले आणि खाली कार्बन घालून आणखी नऊ. दादांचा जुना कागदही उतरवून घेतला, तो दहावा. ते दहा मी रविवारी सेलूला नेऊन ज्याचे त्याला दिले.

ह्या कागदांचं पुढं काही मोठं झालं असतं तर लिहायला बरं वाटलं असतं. काही झालं नाही. भरपाई कुणाला मिळाल्याचं ऐकलं नाही. दोघांनी जिनिंग सोडलं, बाकीच्यांना पोटामागं सोडता आलं नाही. घोळक्यानं तर नंतर कुणी आलंच नाही, आणि मीही कुणाला बोलावलं नाही. नोकरी टिकवायची होती.

पुढं नामांतर झालं, त्या आठवड्यात मी दादांच्या घरी गेले होते. पाव्हण्यांची ये-जा चालली होती, पेढे वाटणं चाललं होतं, विलास अंगणात वायरी जोडत होता. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली, लग्नाच्या फोटोशेजारी, माझ्या हातची ती रेघ काच लावून टांगलेली होती. परभणीहून आलेल्या कुण्या पाव्हण्यानं विचारलं, “दादा, हे काय हाय?”

दादांनी त्याचा हात धरून त्याला फ्रेमपाशी नेलं. “आवाजाची कॅसेट निघाली, ती घरोघर हाय,” ते म्हणाले. “हे माझ्या कानाचं हाय. एकच कॉपी निघाली.”